अवधान आणि थकवा



दांडिया बाजारातल्या आमच्या घरात 'धांदरट' हा शब्द माझ्या मुलासाठी राखून ठेवलेला होता. डबा शाळेत, दप्तर रिक्षात आणि बेरजेतला हातचा कुठेच नाही. शाळेच्या डायरीत दर आठवड्याला शेरा, 'ध्यान नथी आपतो'. पाच गणितांपैकी दोन सोडवली की वहीवर डोके टेकून तो म्हणायचा, "आई, दमलो." रात्री मात्र मेकॅनोचे सांगाडे दोन-दोन तास जोडत बसायचा. मग दमला कसा? मी स्वतः शिक्षिका. याला मी सरळ लबाडी म्हणत असे.

तो अकरा वर्षांचा असताना एडीएचडीचे निदान झाले. मराठीत याला 'अवधान-न्यूनता' म्हणतात. मला तो शब्द पुरा पटत नाही. मेकॅनोपाशी अवधान भरपूर होते. कमी होता तो लगाम. जे काम आपल्याला ओढून घेते तिथे लगामाची गरज पडत नाही. गणिताकडे स्वतःला न्यावे लागते, आणि पुन्हा पुन्हा न्यावे लागते. थकवा येतो तो या नेण्याचा.

लबाडीचा आरोप माझ्या एकटीचा नव्हता, एवढेच समाधान. 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही त्यांच्यात 'नैतिक नियंत्रणा'ची उणीव आहे, असे त्याने मांडले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत 'अवधान' हा शब्द या विकाराच्या नावात आला तो 1980 साली.

मन लावून दमणे तसे कोणाला चुकलेले नाही. युद्धकाळात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या चुका का वाढतात, हे नॉर्मन मॅकवर्थने केंब्रिजमध्ये तपासले. घड्याळासारखा एक काटा ठेक्यात पुढे सरकतो, क्वचित एकदम दुप्पट उडी घेतो. ती उडी टिपायची. दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच धडधाकट माणसांच्या हातून उड्या निसटू लागल्या. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती दिली, तेव्हा ही घसरण थांबली.

एडीएचडी असलेल्यांची घसरण लवकर होते आणि हेलकावे घेत होते: एक उत्तर झटक्यात, पुढच्याला भलताच वेळ. आपण काही करत नसतो तेव्हा मेंदूतले एक जाळे जागे असते. आठवणी, बेत, दिवास्वप्ने त्याचीच. काम सुरू झाले की ते मंदावते. या मुलांत ते पुरेसे मंदावत नाही आणि मध्येच कामात घुसते, अशी मांडणी सोनुगा-बार्क आणि कॅस्टेयानोस यांनी 2007 मध्ये केली. शेवटचा शब्द अजून झालेला नाही. पण माझ्या मुलाने पुढे मोठेपणी सांगितले ते याच्या जवळचे होते: "आई, पुस्तक धरायला काही लागत नाही गं. स्वतःला धरून बसण्यात दम जातो."

आता आपल्या मंडळाशी थेट संबंध असलेली गोष्ट. निदानाच्या सुमारास एका भल्या माणसाने सल्ला दिला: घरी मराठी, बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी, पोराच्या डोक्यावर ओझे होते, घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी. आम्ही ऐकले! अनेक भाषांमुळे एडीएचडी होतो याला कसलाही आधार नाही, हे मला दोन वर्षांनी कळले. मुलाचे दमणे तसेच राहिले. सासूबाईंना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते. त्या म्हणाल्या, "मग मी मुकीच बसते," आणि खरोखरच बसल्या. आज कोणी तुम्हाला हा सल्ला दिला तर कृपा करून माझे घर आठवा.

त्या मुक्या काळातच एक लक्षात आले. सासूबाई शेजारी बसून तांदूळ निवडत असल्या की त्याची तीन-चार गणिते होत. त्या उठल्या की तोही उठे. शेजारी दुसरे कोणी आपल्या कामात असले की अशा अनेकांना टिकून बसता येते. पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध सुरू झाले, त्याचाही उपयोग झाला. झोप सांभाळावी लागली. आणि अभ्यासाचे तुकडे पाडले. आमचे जुने हरिदास श्रोत्यांना 'अवधान द्या' म्हणत, पण पूर्वरंग संपला की भजन, बुक्का, हार, थोडी हालचाल, मग आख्यान. दमलेल्या मनाची ही सोय त्यांना ठाऊक होती. मला वर्गात दर तासाला चाळीस मुले समोर असून ठाऊक नव्हती.

मराठी घरात परत आली. पण आजीजवळ गोष्टी ऐकण्याचे वय त्याचे तोवर सरत आले होते; ती दोन वर्षे मी कोणालाच परत देऊ शकत नाही.

आज तो एकतीस वर्षांचा आहे, बंगळूरला नोकरी करतो. हिशेबाचे कंटाळवाणे काम असले की रात्री व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावर उभा करतो. तो बोलत नाही. मी इकडे तांदूळ निवडते. परवा विचारले, "मध्येच काही बोलले तर चालेल का रे?"

म्हणाला, "पंचवीस मिनिटांनी बोल."