घड्याळ कोणी घडविले?

(ज्ञातिसंमेलनात दिलेले भाषण)



माझे सारे आयुष्य शाळेत गेले. ऐरणीपाशी बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. तरी मी सोनाराचा मुलगा आहे, आणि त्या नात्यानेच आज एका घड्याळाविषयी चार शब्द बोलणार आहे.

इंग्लंडात थंडी फार. तेथील जुन्या घरांत भिंतीतच शेकोटी बांधलेली असे व तिच्यावर एक फळी असे. त्या फळीवर ठेवावयाचे घड्याळ ही घरची शोभा मानली जाई. आतील यंत्र घड्याळजीचे. पण बाहेरचा साज चांदीचा करावयाचा झाल्यास ते काम रुपेकाराकडे येई. अशी घड्याळे ज्यांच्या कर्मशाळेतून बाहेर पडली त्यांत ओमर रॅम्सडेन हे नाव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म १८७३ साली शेफील्ड येथे झाला. चाकूसुऱ्यांसाठी व चांदीच्या कामासाठी हे शहर प्रसिद्ध. तेथील कलाशाळेत त्यांना आल्विन कार हे मित्र भेटले. पुढे दोघांनी लंडनमध्ये भागीदारीत काम चालविले. ती भागीदारी १९१९ साली संपली. रॅम्सडेन १९३९ साली निवर्तले.

त्या काळी यंत्रावर ठोकलेला स्वस्त माल बाजारात मुबलक होता. त्यावर उतारा म्हणून या मंडळींनी हातकामाचा पुरस्कार केला. पत्र्यावरील हातोडीच्या खुणा ते घासून नाहीशा करीत नसत, मुद्दाम राखीत. मधूनमधून मीनाकाम करीत. आणि वस्तूवर लॅटिन भाषेत अक्षरे कोरलेली असत. त्यांचा अर्थ, ‘ओमर रॅम्सडेन याने मला घडविले.’

बंधूंनो, खरी गोष्ट येथून पुढे आहे. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा दिसून आले की, विशेषतः उत्तरायुष्यात, रॅम्सडेन स्वतः हातोडी क्वचितच धरीत. पत्रा उठविणारे, डाख देणारे, नक्षी खोदणारे कारागीर निराळेच होते. त्यांतील लेस्ली डर्बिन हा मुलगा १९२९ साली तेथे उमेदवारीस लागला. पुढे त्याने स्वतंत्र काम केले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या राजाने स्टालिनग्राडच्या नागरिकांना जी सन्मानाची तलवार दिली, तिचे चांदीकाम याच डर्बिनचे. चर्चिलसाहेबांनी ती १९४३ साली तेहरान येथे स्टालिनच्या हाती दिली. डर्बिनचे नाव जगापुढे आले. त्याच्या शेजारी बसणाऱ्या इतरांची नावे मात्र आज थोड्याच जाणकारांना ठाऊक आहेत.

यात रॅम्सडेन यांना चोर ठरविण्याचा माझा हेतू नाही. काम आणणे, हातांना रोजगार देणे, मालाची जबाबदारी घेणे हेही कर्तृत्वच होय. इंग्लंडात चांदीवर कसाची, परीक्षा झालेल्या शहराची व वर्षाची मुद्रा उमटविण्याची पद्धत कित्येक शतकांची आहे. लंडनचे बिबट्याचे मस्तक तर १३०० सालापासूनचे. त्यांबरोबर जी नावाची मुद्रा असते, ती वस्तू परीक्षेस पाठविणाऱ्याची; घडविणाऱ्याची असेलच असे नाही. आपल्याकडे २०२१ सालापासून सोन्याच्या दागिन्यांवर टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. त्यामुळे गिऱ्हाइकाची फसवणूक टळते, हे उत्तमच झाले. पण सोन्याचा कस सांगणाऱ्या त्या मुद्रेत कारागिराचा कस कोठेही नोंदलेला नाही.

माझे वडील एका मोठ्या पेढीसाठी घरी बसून घडणावळीवर काम करीत. एकदा एका लग्नात मी त्यांच्या हातची ठुशी पाहिली. डबीवर पेढीचे नाव सोनेरी अक्षरांत होते, आणि पाहुणे पेढीची तारीफ करीत होते. वडील गप्प उभे. घरी येताना मी विचारले, “दादा, तुम्ही सांगितले का नाहीत?” ते म्हणाले, “गिऱ्हाईक पेढीचे आहे, बाळ. आपले नाही.”

त्या वेळी मला पेढीचा राग आला. पण पुढे हायस्कुलात नाव घालताना अर्जात ‘वडिलांचा धंदा’ या रकान्यापुढे मीच ‘नोकरी’ असे लिहिले. फुंकणीच्या धुराने डोळे लाल झालेला बाप मास्तरांना सांगावयाची मला लाज वाटली. पेढीने त्यांचे नाव लिहिले नाही, हा व्यवहार होता. मी लिहिले नाही, हा अपराध होता. तो आज आपणांसमोर कबूल करतो.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. या स्मरणिकेत देणगीदारांची नावे दरवर्षी छापली जातात, ती छापावीतच. परंतु पुढील वर्षापासून चार पाने आपल्या कारागिरांसाठी राखावीत. गाव, नाव, कोणत्या कामात हात बसलेला होता आणि विद्या कोणाकडून घेतली, एवढेच लिहावे. घरातील वृद्धांना आजच विचारा. पाच-दहा वर्षांनी सांगणारे कोणी उरणार नाही. पहिली नोंद मी स्वतः आणून देईन, आणि या खेपेस धंद्याच्या रकान्यात ‘सोनार’ असेच लिहीन.