पास काढण्याआधी पाच प्रश्न

 

आज मी पासाबद्दल बोलणार आहे. आगगाडीच्या पासाबद्दल. आणि आपल्या गोंदिया–बल्लारशा गाडीच्याच नाही, परदेशातल्या गाडीच्या पासाबद्दलही. तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला अर्जुनीच्या बाजाराला जायला सवड नाही, परदेशाचं काय सांगता? पण बायांनो, आपल्या पोरी आता निघाल्या आहेत. एएनएम, जीएनएम झालेल्या पोरी जर्मन भाषा शिकत आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिकांचं कामही आहे. गटाच्या बैठकीत एका ताईनं मला विचारलं, "पोरगी तिकडं दवाखान्यात कामाला जाईन कशी? रोजचं भाडं किती लागंन? रात्रपाळी असली तर?" आईला पडलेला हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर घरात कुणाजवळ नसलं, की पोरीचं जाणं तिथंच अडतं.

म्हणून मी थोडी माहिती गोळा केली. पास कुठलाही असो, पाच प्रश्न विचारायचे. पास कोणाला मिळतो? कुठपर्यंत चालतो? कोणत्या गाडीत चालतो? किती दिवस चालतो? आणि पैसे एकदाच जातात की दर महिन्याला कापले जातात?

आता हे प्रश्न जर्मनीच्या पासाला लावून पाहू. त्याचं नाव डॉइचलँड-तिकीट. 1 मे 2023 ला तो सुरू झाला तेव्हा महिन्याला 49 युरो होता. 2025 च्या जानेवारीत 58 झाला आणि 2026 च्या जानेवारीपासून 63 युरो आहे. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी सहा हजारांच्या वर गेला. ऐकून छाती दडपते. पण तिकडचा खर्च तिकडच्या पगारातून होतो, आणि हिशेब असा करायचा: शहरात एका वेळचं तिकीट तीन युरो धरा. जायचं आणि यायचं मिळून सहा. महिन्यात वीस दिवस काम, म्हणजे 120 युरो. पास 63 चा. शिवाय सुट्टीच्या दिवशी बाजारहाट, मैत्रिणीकडं जाणं, सगळं त्यातच.

कोणाला मिळतो? कोणालाही, पण ज्याच्या नावाचा त्यालाच. बहिणीचा पास बहिणीला चालत नाही. सोबत फोटोचं ओळखपत्र लागतं.

कुठपर्यंत? साऱ्या जर्मनीभर. बस, ट्राम, शहरातली लोकल, आणि गावोगाव थांबत जाणारी गाडी, या सगळ्यांत.

कोणत्या गाडीत? इथंच पुष्कळ जण फसतात. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या, म्हणजे आयसीई, आयसी, ईसी, यांत हा पास चालत नाही. फलाटावर दोन गाड्या एकाच शहराला जाणाऱ्या दिसतात. घाईत जलद गाडीत चढलं, तर पास हातात असूनही विनातिकीट. तिकडं स्टेशनावर बहुतेक ठिकाणी फाटक नसतं, कोणी अडवत नाही. तपासनीस गाडीत येतो. लोकलमध्ये तिकीट नसलं तर साधारण 60 युरो दंड. पास मोबाइलमध्ये असेल आणि बॅटरी संपली तर दाखवणार काय? म्हणून पोरीला सांगायचं, मोबाइल भरून ठेव, नाहीतर प्लास्टिकचं कार्ड मागून घे.

किती दिवस? कॅलेंडरचा महिना. 1 तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत. वीस तारखेला घेतला तरी महिनाअखेर संपतो.

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हा पास वर्गणीसारखा आहे. आपण बंद करेपर्यंत दर महिन्याला बँकेतून पैसे आपोआप कापले जातात. बहुतेक ठिकाणी 10 तारखेच्या आत कळवलं तर त्या महिन्याच्या शेवटी बंद होतो. अकरा तारखेला आठवलं तर पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच. पोरगी सुट्टीवर महिनाभर गावी येणार असेल तर हे ध्यानात ठेवायचं.

आता दुसरी गोष्ट. पोरीला भेटायला आईबाप गेले आणि दोन-चार देश पाहायचे ठरले, तर त्यांचा पास वेगळा. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल नावाचा पास आहे. तो 1959 पासून चालत आला आहे. त्यात प्रवासाचे दिवस मोजतात. जसं, एका महिन्यात चार दिवस. दिवस मध्यरात्री बारापासून पुढच्या बारापर्यंत धरतात. त्या दिवशी कितीही गाड्या बदला. मात्र फ्रान्स, इटलीतल्या बऱ्याच जलद गाड्यांत जागा राखून ठेवावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. जपानचा रेल्वे पासही मुख्यतः बाहेरून फिरायला येणाऱ्यांसाठी, 7, 14 किंवा 21 दिवसांचा. 2023 च्या ऑक्टोबरात सात दिवसांच्या पासाचा दर 29,650 येनवरून 50,000 येन झाला. तेव्हापासून दोनच शहरं पाहायची असली तर सुटं तिकीट पुष्कळदा स्वस्त पडतं. पास म्हटलं की स्वस्तच, असं नाही. आधी फेऱ्या मोजायच्या, मग पैसे द्यायचे.

बाई एकटी परदेशात कशी फिरेल, अशी शंका कोणी काढली तर पंडिता रमाबाईंचं नाव सांगा. 1886 मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेत गेल्या. विधवा बाई, लहान लेक मनोरमा. पुढं जवळजवळ तीन वर्षं तिथं हिंडून, व्याख्यानं देऊन परतल्या आणि 1889 मध्ये त्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिलं.

पण मैत्रिणींनो, जर्मनी फार पुढचं. त्याआधी पोरीला गोंदियाला कॉलेजात जायचं आहे. खेड्यातल्या मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास फुकट आहे, हे आपल्याला माहीत आहे. बारावी झाली की तो बंद होतो. मग घरात म्हणतात, "रोजचं भाडं कुठून आणू? बस झालं शिक्षण." एसटीत बायांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पण रोज अर्धं म्हटलं तरी महिन्याला जड जातं. आता नीट ऐका. घरापासून कॉलेजपर्यंत जाण्यासाठी रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत मोफत मिळतो. मुलांना बारावीपर्यंत, मुलींना पदवीपर्यंत. कॉलेजातून प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचा रेल्वेचा दाखला घ्यायचा आणि स्टेशनाच्या तिकीट खिडकीवर द्यायचा. आपल्याला देवलगाव स्टेशन जवळ आहे, कोणाला अर्जुनी.

तेच पाच प्रश्न इथंही लावा. पास तिच्याच नावाचा, ओळखपत्रासह. घराजवळच्या स्टेशनापासून कॉलेजच्या स्टेशनापर्यंतच. आरक्षित डब्यात बसायचं नाही. तारीख संपायच्या आत नवा करायचा. मुदत संपलेल्या पासावर पकडलं तर भाडं आणि वर किमान 250 रुपये दंड. आणि भाजी, दूध घेऊन रोज गोंदियाला जाणाऱ्या बायांसाठी: तीन महिन्यांचा पास काढला तर महिन्याच्या 2.7 पट पैसे लागतात, तीन पट नाही.

येत्या बैठकीत हप्ता गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा. आपल्या गटातल्या घरांत यंदा बारावी झालेल्या मुली किती, त्यांतल्या किती घरी बसल्या, यादी करा. भाड्यापायी बसली असेल तर तिच्या आईसोबत गटातली एक बाई कॉलेजात जाऊ द्या आणि दाखला आणू द्या. एकटीला खिडकीवर बोलायला संकोच वाटतो, दोघी असल्या की बोलता येतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.