मस्तकावरील छप्पर
(महोत्सवी सभेतील भाषण)



या मंगल प्रसंगी धर्मग्रामाचा इतिहास सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत. आम्ही मात्र आपले लक्ष आपणा सर्वांच्या मस्तकावरील छपराकडे वेधू इच्छितो.

इमारतीवर मुख्यतः दोन प्रकारचे भार असतात. तुळया, वासे, कौले, स्लॅब यांचे स्वतःचे वजन हा स्थिर भार. माणसे, बाके, सामान हा चल भार. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरास सुमारे ३७५ किलो भरते, आणि अद्याप त्यावर एकही मनुष्य उभा राहिलेला नसतो! पुढे गळती थांबविण्यासाठी कोबा घातला, त्यावर काही वर्षांनी दुसरा घातला, की स्थिर भार कायमचा वाढला. पन्हळ तुंबून दहा सेंटिमीटर पाणी साचले, तर चौरस मीटरामागे आणखी १०० किलो वाढतात.

चल भाराविषयी १९८७ च्या भारतीय मानकाने राहत्या खोलीसाठी चौरस मीटरास सुमारे २०० किलो, तर जेथे बसावयाच्या जागा ठरलेल्या नाहीत अशा सभागृहासाठी सुमारे ५०० किलो धरावयास सांगितले. म्हणून वर्षभर दहा गायकांना सुखाने वाहणारा सज्जा नाताळच्या मध्यरात्री दाटीने उभ्या राहिलेल्या शंभर जणांना वाहीलच, असे समजणे धाडसाचे आहे.

शिवाय उतरते छप्पर केवळ खाली दाबत नाही. ते भिंतींना बाहेरही रेटते. कैचीची आडवी तुळई हे रेटणे आवरून धरते. अडचण होते म्हणून ती कापणे घातक होय. उलटपक्षी, हलक्या पत्र्यास वारा वर उचलतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात कोकण किनाऱ्याने हे अनुभविले.

रोम येथील संत पेत्राच्या महामंदिराचा घुमट १५९० साली पूर्ण झाला. त्यासही हा नियम चुकला नाही. आपल्याच भाराने तो बाहेर पसरू पाहत होता, व त्यास भेगा पडल्या. १७४२ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी तीन गणितज्ञांना कारण शोधण्यास सांगितले. तिघेही धर्मसंघांचे सदस्य होते, व त्यांपैकी बॉस्कोविच हे येशूसंघीय होते. पुढे पादुआचे प्राध्यापक पोलेनी यांनी वजने लावलेली साखळी टांगून घुमटातील भाराची वाट तपासली. अखेरीस १७४३-४४ मध्ये लोखंडाची पाच नवी कडी घुमटाभोवती आवळण्यात आली. घुमट आजही उभा आहे. प्रार्थना करणाऱ्यांनीच तेथे हिशेबही केला, हे आम्हांस विशेष वाटते.

तेव्हा आमची विनंती एवढीच. मंदिरावर पाण्याची टाकी, नवा कोबा वा सभागृहावर दुसरा मजला चढविण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याकडून भाराचा हिशेब करून घ्यावा. पावसाळ्यापूर्वी पन्हळी स्वच्छ कराव्यात. आणि सणाच्या दिवशी सज्जावर किती जणांनी जावे, हे आधीच ठरवावे. देणगीदाराचा उत्साह कितीही मोठा असो, तुळईस तो कळत नाही. तिला केवळ वजन कळते.

बुरूज बांधण्यापूर्वी बसून हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला प्रभूनेच दिला आहे. तो दाखला आपण शब्दशः पाळू या, म्हणजे आपली नातवंडे पुढील महोत्सव याच छपराखाली निर्भयपणे साजरा करतील.