नाल घासावा हातानें कीं यंत्रानें?

(नालबंद व शेतकरी मंडळींपुढें केलेलें भाषण)



म्हातारे नालबंद म्हणतात, नाल कानशीनेंच साफ करावा. तरुण म्हणतात, विजेच्या चाकावर काम घटकेंत होतें, मग हात कां झिजवावे? या वादांत जनावराला बोलतां येत नाहीं, म्हणून त्याच्या वतीनें चार शब्द सांगतों.

यंत्र वैरी नव्हे. अमेरिकेंत ट्रॉय गांवीं हेन्री बर्डन यानें १८३५ सालीं नाल करण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. १८५७ सालच्या त्याच्या यंत्रांतून मिनिटाला ६० नाल पडत. तरी नालबंदाची गरज संपली नाहीं. कां? सांचा सगळे नाल सारखे काढतो. खूर मात्र सारखे नसतात. एकाच घोड्याचा पुढचा खूर गोल, तर मागचा जरा निमुळता.

आतां घासणें कशासाठीं? खुराला टेकणारें अंग सपाट हवें; तेथें कंगोरा राहिला तर सारा भार एका जागीं पडतो. दोन पायांमधल्या बाजूची कड बोथट हवी. नाहींतर एक पाय दुसऱ्याला लागून जखम होते. हें चाकानें झालें काय नि कानशीनें झालें काय, जनावराला सारखेंच. मात्र चाक एका दमांत फार लोखंड खातें. हात सावध नसेल तर नाल एकीकडे पातळ होतो. आणि चाकापुढें डोळ्यांना चष्मा लावल्यावांचून बसूं नका. ठिणगी डोळ्यांत गेली तर धंदाच बसला.

खरा अपराध निराळाच आहे. नाल ऐरणीवर खुराच्या मापाचा करण्याऐवजीं खूरच खरवडून नालाबरोबर करणें! खुराची भिंत पातळ झाली कीं खिळा धरत नाहीं, किंवा आंतल्या जिवंत भागांत शिरतो. वरून काम मात्र गुळगुळीत दिसतें. उसाच्या गाडीचा बैल घ्या. त्याचा खूर दुभंगलेला, म्हणून पत्रीही प्रत्येक नखाच्या मापाचीच हवी.

म्हणून शेतकरी बंधूंनो, चकाकी पाहून पैसे देऊं नका. खूर व नाल यांत फट आहे काय, खिळ्यांचीं वळविलेलीं टोंकें बोटाला लागतात काय, जनावर लंगडतें काय, हें पाहा. नालबंदानें माप घेण्यांत वेळ घातला तर त्या वेळेचा दाम कापूं नका.

नालबंद बंधूंनो, चाक खुशाल घ्या. पण मुलाच्या हातीं आधीं कानस द्या. कोठें थांबावें हें तीच शिकविते.