ठसा कुणाचा? बिबट्याचा की मोत्याचा?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं तसंच ठेवलंय.)

ऊसतोड सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. चिखलात उमटलेला एक पंजा आणि खाली मेसेज : ‘बिबट्या आलाय, सावध राहा, पुढे पाठवा.’ फोटो कुठला, कधीचा, काढला कुणी, काही पत्ता नसतो. आणि नीट बघितलं तर कधी कधी तो पंजा गल्लीतल्या मोत्याचा निघतो!

हसू येतं, पण यात दोन्हीकडून धोका आहे. कुत्र्याच्या ठशाला बिबट्या म्हटलं, तर अख्खं गाव घाबरतं, काठ्या घेऊन शेतात घुसतं. आणि खऱ्या बिबट्याच्या ठशाला ‘कुत्रंच असेल’ म्हटलं, तर संध्याकाळी एखादं पोर एकटंच उसाच्या कडेनं जातं. म्हणून आज आपण माग काढायची बाराखडी शिकणार आहोत. पैसे लागत नाहीत, डोळे लागतात.

पहिली गोष्ट : नखं. कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस यांची नखं कायम बाहेर असतात, त्यामुळे बोटांच्या पुढे टोकदार खुणा उमटतात. बिबट्या, वाघ, रानमांजर चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून ठशात नखं दिसत नाहीत. पण थांबा, एवढ्यावर निकाल देऊ नका. कडक मातीत कुत्र्याची नखं उमटत नाहीत आणि निसरड्या चिखलात बिबट्याही पकड घ्यायला नखं काढतो.

दुसरी गोष्ट : तळव्याची गादी. मांजरकुळातल्या प्राण्याची गादी मोठी असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. कुत्र्याची गादी त्यामानानं लहान, त्रिकोणी. कुत्र्याच्या ठशात बोटं आणि गादी यांच्या मधल्या जागेतून फुलीसारख्या दोन रेघा सहज काढता येतात. बिबट्याच्या ठशात गादी मध्ये येते आणि फुली बसत नाही.

तिसरी गोष्ट : घडण. कुत्र्याचा ठसा लांबट, मधली दोन बोटं जवळजवळ एका रेषेत. बिबट्याचा गोलसर, आणि एक बोट इतरांपेक्षा थोडं पुढे. आपल्या हाताचं मधलं बोट कसं पुढे असतं, तसंच. त्यावरून पाय डावा की उजवा हेही कळतं.

आता एकाच ठशाला चिकटून राहू नका, पुढचे चार-पाच ठसे शोधा. मांजरकुळातला प्राणी आरामात चालतो तेव्हा मागचा पाय बऱ्याचदा पुढच्या पायाच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो. कुत्रं मात्र हुंगत, वळत, थांबत जातं. एक ठसा म्हणजे एक अक्षर. वाक्य वाचायचं तर रांग बघावी लागते.

ठसा कधीचा, हेही वाचता येतं. समजा रात्री सर येऊन गेली. ठशात थेंबांचे बारीक खड्डे असतील, तर प्राणी पावसाआधी गेला. खड्डे फक्त आजूबाजूला असतील आणि ठसा स्वच्छ असेल, तर पावसानंतर. कडा धारदार असतील तर ठसा ताजा. कडा ढासळल्या, वर किड्यामुंग्यांच्या वाटा उमटल्या, तर जुना. मात्र ऊन-वाऱ्यात ठसा लवकर जुना दिसतो आणि सावलीत बराच वेळ ताजा राहतो, हे विसरू नका.

बघायची वेळ? सकाळ. सूर्य खाली असताना ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवून बघा. सावली पडते आणि दुपारी न दिसणारा ठसा उठून दिसतो.

ठशांवरून सगळंच कळतं का? नाही, आणि याचा धडा आपल्या देशानं महागात घेतलाय. १९७२ साली देशात पहिली व्याघ्रगणना झाली ती पंजांच्या ठशांवरून. ओडिशातले वनाधिकारी सरोजराज चौधरी यांची ही पद्धत. आकडा आला १,८२७. पुढे ही पद्धत अनेक वर्षं चालली. पण एकच वाघ वाळूत वेगळा ठसा उमटवतो आणि चिखलात वेगळा, त्यामुळे एका वाघाचे दोन होऊ शकतात. कागदावर वाघ असलेल्या राजस्थानातल्या सरिस्कामध्ये एकही वाघ उरलेला नाही, हे २००५ मध्ये उघड झालं. त्यानंतरच्या राष्ट्रीय गणनेत कॅमेरा ट्रॅप आले, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. तरीही वनरक्षक आजसुद्धा पायी फिरून खुणा नोंदवतात, फक्त वहीऐवजी मोबाईल अॅपमध्ये. म्हणजे ठसा ‘इथून कोण गेलं’ हे चांगलं सांगतो, ‘एकूण किती आहेत’ हे नाही.

आणि ठसा बिबट्याचाच निघाला तर? घाबरायचं नाही, पण शूरपणाही करायचा नाही. विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतीपट्ट्यात केलेल्या अभ्यासातून दिसलं, की बिबटे माणसांच्या वस्तीजवळ नियमित राहतात. ते वाट चुकून आलेले नसतात. म्हणजे ठसा दिसला याचा अर्थ हल्ला होणार असा नाही.

पण ताज्या ठशामागे जायचं नाही. कुतूहल आवरत नसेल तर उलटा माग बघा, म्हणजे प्राणी आला कुठून ते. तोही दिवसाउजेडी, मोकळ्या जागेत आणि सोबत कुणीतरी असताना. उसात शिरायचं नाही. ठशाचा बरोब्बर वरून एक फोटो घ्या, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून. ते २७ मिलिमीटरचं असतं, मापाला सोपं. दुसरा फोटो ठशांच्या रांगेचा. मग ग्रुपवर टाकण्याआधी १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनला फोन करा. लहान मुलांना संध्याकाळी एकटं सोडू नका आणि शेळ्या बंदिस्त गोठ्यात बांधा.

या आठवड्याचं काम : घरामागे, गच्चीवर, सोसायटीच्या कोपऱ्यात, कुठेही हातभर जागेत चाळलेली माती पसरा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी मांजर, कुत्रा, घूस, कावळा, कोण येऊन गेलं ते वहीत काढा. फोटो नाही, चित्र! हातानं काढताना डोळा जे बघतो, ते फोटो काढताना निसटतं. महिनाभर हे केलंत, की पुढचा ‘बिबट्या आलाय’वाला फॉरवर्ड आला तर ग्रुपवर तुम्हीच सांगू शकाल, “अरे, नखं बघा की!”

तुमच्या मातीवर कोण आलं होतं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत खाली बघून चाला!