पैसे मोजून आलेले पाहुणे



आमच्या जिल्ह्याला दुधना आहे, पूर्णा आहे, दक्षिणेच्या कडेने गोदावरी आहे. नाही तो समुद्र. तेव्हा वैशाखाच्या तोंडावर, जालन्याच्या या उकाड्यात, समुद्राकाठच्या मुक्कामावर बोलणारा वक्ता तुमच्यापुढे उभा राहिला, म्हणजे तो लाटांचे आणि सूर्यास्ताचे वर्णन करून तुम्हांला दीड तास गार करील अशी कोणाची अपेक्षा असणे शक्य आहे. ती पुरी होणार नाही. समुद्राचे वर्णन पुष्कळांनी केले आहे आणि तो त्यामुळे बदललेला नाही. आम्हांला बोलावयाचे आहे ते त्या समुद्राकाठी ज्या घरात आम्ही उतरलो त्या घराविषयी, आणि पैसे देऊन परक्याच्या घरी राहणे हा जो एक चमत्कारिक व्यवहार आहे त्याविषयी.

आम्ही म्हणजे दोन कुटुंबांतली सहा माणसे. गाव रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यातले दिवेआगर. जालन्याहून संभाजीनगर, पुणे, मग ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असा साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. मराठवाड्यातून त्या बाजूला जाण्याची वहिवाट नवी नव्हे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत 1608 साली जन्मलेले समर्थ रामदास याच रायगड जिल्ह्यातल्या शिवथरच्या घळीत राहिले, असे आपण परंपरेने मानतो. फरक इतकाच की घळीत उतरताना त्यांना दोन वेळच्या जेवणासह दर काय, हे विचारावे लागले नाही.

दिवेआगर हे लांबट गाव आहे. एक सरळ रस्ता, दोन्ही हातांना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत घर, घरामागे विहीर, आणि पश्चिमेला सुरूच्या बनापलीकडे चार-पाच किलोमीटरचा वाळूचा किनारा. प्रत्येक फाटकावर पाटी असते, 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय'. या पाटीतला 'घरगुती' हा शब्द फार मोलाचा आहे, आणि फार अवघडही. हॉटेलात तुम्ही गिऱ्हाईक असता. सोयऱ्याच्या घरी पाहुणे असता. इथे तुम्ही नेमके कोण, याचा निकाल फाटकातून आत शिरताना लागत नाही.

आमची खोली ओटीच्या एका अंगाला नव्याने जोडलेली होती. दोन खाटा, दोन गाद्या, भिंतीला खुंट्या, आणि मागचे दार थेट वाडीत उघडणारे. घरच्या बाईंना सगळेच पाहुणे काकू म्हणत. आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. जेवणाऱ्यांची संख्या आदल्या रात्री कळली पाहिजे. मोदक हवे असतील तर नगावर हिशेब, आणि किती ते आधी सांगायचे. उकड काढून ठेवून वाट बघत बसता येत नाही. ओल्या पायांनी माजघरात यायचे नाही. पायांची वाळू बाहेरच्या नळावर धुवायची. हे सारे त्या अशा सुरात सांगत होत्या की आमच्यापैकी एकाला आपली आत्या आठवली. हॉटेलचा मॅनेजर हेच बोलला असता तर आम्ही कदाचित दुसरी जागा पाहिली असती.

इथे भाषेचा थोडा विचार करू. 'पाहुणा' हा शब्द संस्कृत 'प्राघुणक' यावरून आला. हिंडत हिंडत येऊन पोचलेला, तो पाहुणा. आपल्या मराठवाड्यात तर वाट विचारणाऱ्या अनोळखी माणसालाही 'पाव्हणं' म्हणूनच हाक मारतात; त्याला पाणी देण्याआधी कुठले गाव एवढे विचारले की झाले. उलट 'यजमान' म्हणजे मुळात यज्ञाचा खर्च सोसणारा. मग आम्ही जेव्हा काकूंच्या घरी जेवलो आणि खर्च आम्ही सोसला, तेव्हा यजमान कोण झाले? हा प्रश्न आम्ही तिथे मांडला, तेव्हा काकांनी सुपारी कातरता कातरता उत्तर दिले, 'तुम्ही खर्च सोसता, आम्ही तुम्हांला सोसतो. दोघेही यजमान.'

हा पेच एकट्या कोकणाचा नाही. स्पॅनिश भाषेच्या मुलखात, मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या गावांतूनही, अशा लहान घरांना 'कासा दे उएस्पेदेस' म्हणतात, म्हणजे पाहुण्यांचे घर. त्या भाषेत 'उएस्पेद' हा शब्द एके काळी पाहुणा आणि यजमान या दोघांनाही लागू होता. आज पाहुणा हाच अर्थ चालतो. त्याच देशाने 1970 नंतरच्या दशकात कान्कून नावाच्या, जवळजवळ निर्जन अशा वाळूच्या पट्ट्यावर सरकारी योजनेने मोठमोठी हॉटेले उभी केली. तिथे हा प्रश्नच निघत नाही. शेकडो खोल्यांच्या इमारतीत कोण कोणाला सोसतो हे कळण्याचा मार्ग नसतो.

दिवेआगरात खोल्या कशा आल्या ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गाव जुने. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा इथला ताम्रपट मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. पण ताम्रपट पाहण्यासाठी कोणी चार माणसे घेऊन मुक्कामाला येत नाही. 1997 साली एका पोफळीच्या वाडीत खणताना पेटी लागली, तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला, आणि लोकांची रीघ लागली. आलेल्याला जेवण हवे, जेवलेल्याला पडायला जागा हवी. घरोघरी ओटीला आडोसा झाला, मग खोली झाली, मग खोल्या झाल्या. 2012 च्या मार्चमध्ये मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा नाहीसा झाला. तरी माणसे येत राहिली, कारण तोवर त्यांना वाडीतली ती गार सावली ठाऊक झाली होती.

त्या सावलीचीच गोष्ट आता सांगावयाची आहे. 3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर हा सारा पट्टा त्याच्या तडाख्यात सापडला. टाळेबंदीमुळे मार्चपासून खोल्या रिकाम्या होत्याच; त्या दुपारी वाड्याही रिकाम्या झाल्या. पोफळ ही उंच, बारीक, एकमेकींच्या आधाराने उभी राहणारी झाडे. एक पडली की दुसरीला घेऊन पडते. काका सांगत होते, आवाज वाऱ्याचा नव्हता, मोडण्याचा होता. आणि वारा थांबल्यावर बाहेर आलो तर घरातून कधी न दिसलेला समुद्र दिसत होता. हे वाक्य त्यांनी अगदी साध्या सुरात उच्चारले. आमच्यातली मुले त्या वेळी 'घरातून समुद्र दिसणारी खोली' कुठे मिळेल याची चौकशी करीत होती; ती गप्प झाली.

नुकसानभरपाईचा हिशेब आधी हेक्टरी होता. दिवेआगरची वाडी मोजतात गुंठ्यांनी. तिच्या वाट्याला हेक्टराचा कितीसा तुकडा येणार? पुढे ओरड झाल्यावर झाडामागे रक्कम ठरली, सुपारीला 50 रुपये आणि नारळाला 250. आता पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे घेते, आणि भरात यायला त्याहून अधिक. पन्नास रुपये हातात घेऊन ती वर्षे कशी काढावयाची, हे मोजण्याचे कोष्टक कोणत्याच कचेरीत नसते.

श्रोतेहो, हे ऐकताना तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या मोसंबीच्या बागा आठवल्या असतील. आम्हांलाही त्याच आठवल्या. 2012-13 च्या दुष्काळात जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी या भागांत टँकरने पाणी घालून बागा जगवण्याची धडपड आपण पाहिली, आणि शेवटी वाळलेल्या झाडांना कुऱ्हाड लावणारे हातही पाहिले. पुढे 2016 साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण वाळलेल्या बागेच्या मालकाला त्या कागदाची सावली पडत नाही. त्यांच्याकडे वारा, आपल्याकडे पाण्याचे दुर्भिक्ष. पडले ते दोन्हीकडे झाडच. काकांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी एकच विचारले, 'मोसंबी पुन्हा लावली की नाही?' आम्ही सांगितले, कोणी लावली, कोणी कपाशीवर गेले. ते म्हणाले, 'इथेही तसेच. कोणी रोपे लावली, कोणी खोल्या बांधल्या.'

खरी अडचण इथेच आहे. झाड पडलेल्या जागी रोप लावले तर सात वर्षे थांबायचे. खोली बांधली तर पुढच्या नाताळात पैसे. ज्याच्या मुलीचे लग्न आहे, ज्याचे कर्ज थकले आहे, त्याला तुम्ही-आम्ही रोप लाव असे कोणत्या तोंडाने सांगणार? पण प्रत्येक जण खोलीच बांधू लागला तर वाडी जाईल, आणि वाडी गेली म्हणजे उन्हात रांगेने उभ्या असलेल्या पत्र्याच्या खोल्या उरतील. तसल्या खोल्यांसाठी जालन्याहून साडेचारशे किलोमीटर जाण्याचे कारण नाही. त्या आपल्या औद्योगिक वसाहतीत पुष्कळ आहेत.

पाण्याचेही असेच आहे. समुद्राकाठच्या विहिरीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शिंपणे बेताने झाले तर ते टिकते. पंप लावून बेसुमार उपसले की खालचे खारे वर चढते. शेजारच्या आवारात शहरातून आलेली मंडळी दुपारभर नळ सोडून गाड्या धूत होती, आणि काकू पदराने तोंड पुसत नुसत्या पाहत होत्या. बोलल्या नाहीत, पाहुण्याला बोलायचे नसते, आणि गिऱ्हाईकाला तर नाहीच. आमच्यातल्या बायकांना मात्र राहवले नाही. नळाला किती दिवसांआड पाणी येते हे बोटांवर मोजण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना वाहता नळ पाहणे जमत नाही. त्यांनी जाऊन तो बंद केला. गाडीवाल्यांनी विचारले, 'तुम्ही घरच्या का?' तेव्हा आमच्या वहिनींनी 'हो' म्हणून सांगितले.

निघण्याच्या सकाळी काकूंनी शाळेच्या वहीच्या पानावर हिशेब लिहून दिला. खोली तीन रात्री, जेवणे इतकी, मोदक एकवीस, चहा. शहाळी आम्ही रोज प्यायलो होतो, ती त्यात नव्हती. विचारले तर म्हणाल्या, 'शहाळ्याचे कसले पैसे? ते झाड वादळात वाचलेले आहे.' मग त्यांनी आम्हांला मागच्या दाराने वाडीत नेले आणि नवी रोपे दाखवली. पोफळीची रोपे कोवळी असताना त्यांना ऊन सोसत नाही, म्हणून मधून मधून केळी लावल्या होत्या, आणि काही रोपांवर नारळाच्या झावळ्यांचा आडोसा केला होता. काका एकेका रोपाशी थांबत होते. आमच्यापैकी एकाने आपल्या बागेतली मोसंबी पिशवीभर नेली होती. मुक्कामात तिची आठवण राहिली नव्हती. ती तेव्हा गाडीतून काढून दिली. काकूंनी एक फळ हातात घेऊन वजन पाहिले, वास घेतला, आणि विचारले, 'याला आमची हवा मानवेल का हो?' खारी हवा आणि कोकणातला पाऊस लक्षात घेता मानवणार नाही, असे आमच्यातल्या बागाईतदाराने स्पष्ट सांगितले. तरीही त्यांनी बिया एका वाटीत काढून ठेवल्या.