तुकोबांच्या पुलावरून

(राजापूर येथील शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील प्रमुख पाहुण्यांचे भाषण)



आज मी एका पाळकाबद्दल बोलणार आहे. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू. हा पाळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातला. राजापूर आहे जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तर त्याचं गाव उत्तरेला, दापोली तालुक्यातलं करजगाव. ६ डिसेंबर १८६१ रोजी तिथे एका चित्पावन ब्राह्मण घरात त्याचा जन्म झाला. नाव नारायण वामन टिळक.

पहिल्या दोन रांगांतल्या आजीआजोबांनी मान डोलावली, ती मी पाहिली. त्यांच्या पाठ्यपुस्तकात टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता होती. शिकाऱ्याच्या हातून जखमी झालेली पक्षीण तशीच धडपडत घरट्याकडे येते, पिलांसाठी आणलेला घास त्यांच्यापाशी पोचवते आणि मगच प्राण सोडते. ती कविता वर्गात म्हणताना मुलं रडायची, आणि शिकवणाऱ्या बाईही पदर डोळ्यांना लावायच्या. पण ही कविता लिहिणारा माणूस पुढे रेव्हरंड झाला, चोवीस वर्षं ख्रिस्ताची सेवा करत जगला, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पुस्तकात कविता राहिली, माणूस बाहेर राहिला. म्हणून आज त्या माणसाबद्दल.

आई लवकर गेली. वडिलांचं आणि मुलाचं पटेना. पोरगा घर सोडून नाशिकला गेला आणि गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. पुढे शिक्षकी, पुराण, कीर्तन, छापखाना, जे मिळेल ते काम. नोकरी एका जागी टिकत नसे. नागपूरकडे असताना धर्मविचारासाठी ‘ऋषी’ नावाचं मासिकही काढलं. देव हवा, पण माणसामाणसांत भिंत घालणारा धर्म नको, हा शोध तेव्हापासूनच चालू होता.

१८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका परदेशी गृहस्थाशी गाठ पडली. बोलता बोलता त्यानं नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांनी ते हसण्यावारी नेलं, पण पुस्तक वाचायला घेतलं. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतर हा विषय निघाला की आज सभागृहात चुळबुळ होते. कुणाला वाटतं, हे शाळेत कशाला? मला वाटतं, शाळेतच बोलावं. राजापुरात देऊळ आहे, मशीद आहे, आणि तुम्ही सगळी पोरं एका बाकावर बसता. टिळकांना कुणी आमिष दाखवलं नव्हतं. उलट जे होतं तेही गेलं. नातलग तुटले, जातीनं वाळीत टाकलं. आणि सर्वांत मोठी किंमत मोजली ती त्यांच्या बायकोनं.

लक्ष्मीबाई. माहेरच्या गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न. घरचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. नवऱ्यानं तिला विचारून धर्म बदलला नव्हता. बातमी आली तेव्हा पदरात लहानगा दत्तू होता. माणूस जिवंत, आणि घरात सुतकासारखं रडणं. मग नाशिक झालं, पंढरपूर झालं, काही वर्षं नवराबायको दोन गावांना. या बाबतीत मी टिळकांची बाजू घेणार नाही. ज्या माणसाला सगळ्या जगाचं दुःख कळत होतं, त्यानं घरातल्या माणसाला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. पण टिळकांनी तिला टाकलं नाही, दुसरा संसार मांडला नाही, पत्रं लिहिणं सोडलं नाही. आणि त्या बाईचं काळीज पाहा! ती आपण होऊन नगरला त्यांच्याकडे राहायला गेली, पण स्वतःच्या अटीवर. तिची चूल वेगळी, पाणी वेगळं. आपल्या धर्मानं ती राहणार. टिळकांनी एका शब्दानं जबरदस्ती केली नाही.

मग एकदा लक्ष्मीबाईंच्या मनात विचार सुरू झाला, की जाती देवानं केल्या की माणसांनी? देवानं केल्या असत्या तर पशुपक्ष्यांसारख्या त्या दिसल्या असत्या. माणूस सगळीकडे सारखाच दिसतो. ज्या दिवशी हे मनाला पटलं, त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. ख्रिस्ती होणं अजून लांब होतं, जात आधी गेली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्यासाठी नव्हे, स्वतःला पटलं म्हणून.

आता टिळकांच्या कामाकडे येतो. ते ज्या मिशनमध्ये काम करत, ते अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ साली, नगरला १८३१ साली. शाळा काढल्या, दवाखाने काढले, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक चालवलं. पण प्रार्थनेला बसलं की गाणी बहुतेक इंग्रजी चालीची. नगर जिल्ह्यातली शेतकरी, कष्टकरी माणसं, ज्यांच्या रक्तात ओवी आणि अभंग, ती परक्या सुरात देवाला हाक मारत होती. तुम्हाला हे पटकन समजेल. गणपतीत आपल्याकडे घरोघर भजनं होतात, पखवाज आणि झांजा लागल्या की लहान पोरसुद्धा झोपेतून उठून ताल धरतं. समजा, उद्या कुणी सांगितलं की हे सगळं बंद, आता पियानोवर म्हणायचं. आपण म्हणूही, पण अंगात येईल का?

नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी टिळकांच्या आधी ख्रिस्ती कीर्तनं सुरू केली होती, देशी चालीची पदं रचली होती. त्यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. आणि त्याही आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्सनं मराठी ओवीत क्रिस्तपुराण छापलं होतं. टिळक या वाटेवरचे, पण त्यांनी तिचा राजरस्ता केला. शेकडो गीतं आणि अभंग लिहिले, टाळ-मृदंग उपासनेत आणला, स्वतः कीर्तनाला उभे राहिले. आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते उघडपणे सांगत. नवा धर्म स्वीकारलेल्या माणसानं जुन्याला नावं ठेवावीत अशी तेव्हा रीत होती. टिळकांनी भाषा टाकली नाही, संत टाकले नाहीत, देश टाकला नाही. देशभक्तीच्या कविता लिहिल्या, आणि भारतातली मंडळी भारतीयांनीच चालवली पाहिजे, हे मिशनच्या साहेबांना तोंडावर सुनावलं. आजही नगर, नाशिक, मुंबई, पुण्याच्या मराठी चर्चमध्ये रविवारी टिळकांची गाणी म्हणतात. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत मोठं काम, कवितांपेक्षाही मोठं.

घर तर धर्मशाळाच होतं. अनाथ मुलं, विद्यार्थी, वाट चुकलेले, पोटाला नसलेले, कुणालाही टिळक घरी घेऊन येत आणि लक्ष्मीबाई पातेल्यात पाणी वाढवत. पैसा हातात आला की समोरच्या गरजवंताकडे गेला. तुम्ही कवी म्हणून ज्यांची नावं पाठ करता, त्यांतला एक या घरात वाढला. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं कविता म्हटली आणि त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळकांनी त्या पोराचं वेड ओळखलं, त्याला नगरला स्वतःच्या घरी आणलं. ठोमरे हिंदूच राहिला, त्याला कुणी ख्रिस्ती हो म्हटलं नाही. तो रुसायचा, लक्ष्मीबाईंशी भांडायचा, आणि मग त्यांनीच वाढलेलं जेवायचा. श्रावणमासाची कविता तुम्ही म्हणता ना, त्या कवीला मायेचं ताट वाढणारं हे पाळकाचं घर. तो ५ मे १९१८ रोजी भादलीला रेल्वेखाली गेला. पुढच्या वर्षी त्याच मे महिन्यात टिळकही गेले.

त्यापूर्वी, १९१७ साली, त्यांनी आणखी एक धाडस केलं. वयाची पंचावन्न उलटलेली. संसारी लोक या वयात पेन्शनचा हिशेब करतात. टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीनं साताऱ्याला जाऊन राहिले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही एकच आसन. येशूवर प्रेम आहे ना, मग ये, बस. त्यांच्याच मंडळीतल्या अनेकांना हे रुचलं नाही. दरबार फार दिवस चालला नाही, कारण ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांनी हाती घेतलेलं मोठं काव्य अर्धवटच राहिलं.

ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, नवऱ्यानं अधूनमधून शिकवलेल्या अक्षरांवर जी वाचायला शिकली, तिनं अध्यायामागून अध्याय रचले. आणि १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली तिची ‘स्मृतिचित्रे’ तर मराठीतलं अव्वल आत्मचरित्र. नवऱ्याचा मोठेपणा आणि नवऱ्याचा विसरभोळा, तापट, हट्टी स्वभाव, दोन्ही तिनं तितक्याच मोकळेपणानं लिहिले. भक्तीनं पुतळा उभारला नाही, जिवंत माणूस ठेवला. म्हणून मी आज टिळकांचे दोष तुमच्यासमोर झाकले नाहीत.

‘स्मृतिचित्रे’च्या दोन प्रती मी शाळेच्या ग्रंथालयासाठी आणल्या आहेत, त्या मुख्याध्यापकांकडे देतो. आठवी-नववीच्या मुलींनी आधी हक्कानं मागून घ्याव्यात. पुस्तक जाड आहे, पण घाबरू नका. लक्ष्मीबाई शेजारी बसून बोलल्यासारखं लिहितात, आणि पहिल्या पन्नास पानांत तुम्ही चार वेळा तरी पोट धरून हसाल. वाचून झाल्यावर मला एक पत्र लिहा. नवरा-बायकोच्या त्या ताटातुटीत तुम्हाला कुणाचं पटलं, ते कळवा. माझं मत मी सांगितलं, तुमचं वेगळं असलं तर कारणासकट लिहा. मी प्रत्येक पत्राला उत्तर देईन.